सहा नंबरच्या खोलीतले एकोणीस दिवस

गॉर्स हाउस या वृद्धाश्रमात कुणाला घरघर लागली की आधी डॉक्टरला फोन करायचा, असं भिंतीवरच्या कागदात लिहिलं होतं. प्रत्यक्षात तिथेच काम करणारी कॅरल जिन्यातून ओरडायची, "नेतसाई कुठाय? तिला बोलवा आधी!" मग नेतसाई हातात असेल ते खाली ठेवायची, एप्रनला हात पुसत त्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची आणि खुर्ची उशीजवळ ओढून म्हाताऱ्या माणसाच्या कानाशी वाकायची. चार वाक्यं आपल्या शोना भाषेत बोलायची. शेवटचा शब्द तेवढा जरा मोठ्याने म्हणायची, "एंडाई." म्हणजे जा. तीन-तीन दिवस अडकून पडलेला जीव मग तासाभरात सुटायचा.

यात जादूटोणा काही नव्हता. झिंबाब्वेत, गुटूकडच्या तिच्या खेड्यात, तिची आई हेच करायची. लोक बैलगाडी पाठवून तिला न्यायचे. परतताना भुईमूग मिळतात म्हणून लहानगी नेतसाईही गाडीत चढून बसायची आणि दाराच्या फटीतून सगळं पाहायची. मरणाऱ्याला कुणीतरी सांगावं लागतं, की शेळ्या बांधल्यात, पोरं जेवलीत, आता तू जा. गॉर्स हाउसमधल्या लोकांकडे शेळ्या कुठल्या? नेतसाई त्यांना सांगायची की गॅस बंद आहे, मांजराला खायला घातलंय, पुढचं दार लावलंय. पहिल्या वेळी कॅरल तोंडावर हात धरून हसली होती. तिसऱ्या वेळेपासून तीच हाका मारायला लागली.

ही नेतसाई चिवासा चव्वेचाळीस वर्षांची. सोळा वर्षं माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. आफ्रिकेचा नकाशा फळ्यावर डोळे मिटून काढायची म्हणे. त्या पगारात घर चालेना, तेव्हा नवरा तोंदेराई आणि मुलगी रुवा यांना घेऊन ती इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर विदर्नसीला आली आणि म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला लागली. तिला याची लाज नव्हती आणि कुणी हळहळलेलंही तिला खपत नसे. "नद्या सांगत होते, आता नाड्या बघते," म्हणायची. गावातली इतर झिंबाब्वेची माणसं तिला लेकीच्या नावाने हाक मारत, माइ रुवा, म्हणजे रुवाची आई. रुवाची शाळेची शेवटची मोठी परीक्षा मे महिन्यात होती. आणि व्हिसा वीस मार्चला संपत होता.

व्हिसा वाढवायचा तर मालकाने सर्टिफिकेट द्यावं लागतं आणि त्यावर वर्षाला पंचवीस हजार पौंड पगार लिहिलेला असावा लागतो. पक्का पगार. रविवारचे जादा तास त्यात धरत नाहीत, नाताळची दुप्पट मजुरी धरत नाहीत, कुणाच्या बदली केलेली पाळी धरत नाहीत. नेतसाईचे आठवड्याचे साडेसदतीस तास धरले की आकडा जेमतेम काठावर यायचा. छत्तीस झाले की बुडाला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मालकीणबाई मिसेस ब्लेंकिन यांनी तिला ऑफिसात बसवून चहा दिला. बाई वाईट नव्हत्या. गॉर्स हाउस त्यांच्या आईने काढलेलं, त्यातच वाढलेल्या. पण वरच्या मजल्याचं छत गळत होतं, तिथे नवं माणूस ठेवायला परवानगी नव्हती, आणि जानेवारीत दोघं गेली होती.

"दहा जण उरलेत, बाळा," बाई म्हणाल्या. "दहा असेपर्यंत तुझे साडेसदतीस तास मी कसेही करून सांभाळीन. नऊ झाले तर छत्तीस. माझ्यासकट सगळ्यांचेच कापावे लागतील."

"आणि सर्टिफिकेट?"

"सरकारकडे मागितलंय. महिनाअखेरीस येईल. एकदा त्यावर आकडा लिहिला की मी बांधलेली. त्याच्या आधी मी काय कबूल करू?"

नेतसाईने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि कामाला लागली. बाईंनी जे सांगितलं नव्हतं ते तिला चांगलं कळलं होतं. दहातला दहावा कोण, हे त्या घरात कुणालाही विचारलं असतं तर सांगता आलं असतं.

सहा नंबरच्या खोलीत मिस्टर स्टॅदर्स होते. वय त्र्याण्णव. उमेदीची तीस वर्षं हल बंदरातल्या ट्रॉलरवर मासे पकडायला आइसलँडपर्यंत जायचे. आता हृदय थकलं होतं, पायांना सूज, छातीत पाणी. नेतसाई त्यांना सेकुरु म्हणायची, म्हणजे आजोबा. तिचं ऐकून सगळं घरच त्यांना सेकुरु म्हणायला लागलं होतं आणि म्हातारा त्यावर खूश होता. जगात नात्याचं कुणी नाही. म्हणजे त्यांना निरोप देणारं जे कोणी होतं ते नेतसाईच.

त्या आठवड्यात त्यांनी खाणं सोडलं. नेतसाईने लापशीचा चमचा पुढे केला तर तोंड फिरवून म्हणाले, "पोरी, डोरीनला काय सांगितलंस ते मला सांग."

डोरीन ही पाच नंबरातली, जानेवारीत गेलेली.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"भिंत पातळ आहे. मी सगळं ऐकलं. भाषा कळली नाही, पण कामाची वाटली." ते दम खात थांबले. "मला पण हवंय ते. मला कंटाळा आलाय."

"असं नका बोलू, सेकुरु. मंगळवारी तुमचे आवडते मासे आहेत."

"मासे मी खूप मारले. ते सांग आधी."

"आत्ता नाही."

"का? तुझी सुट्टी आहे का?"

तिला हसू फुटलं. तिने लापशीचा वाडगा उचलला. आज पाळीला माणसं कमी आहेत, असं काहीतरी पुटपुटत ती बाहेर पडली. तिच्या आयुष्यात कुणी मागितलेले हे शब्द तिने पहिल्यांदाच नाकारले होते.

रविवारी दुपारी तिने हे नवऱ्याला सांगितलं. तोंदेराई कॅरव्हॅनच्या कारखान्यात खिडक्या बसवायचा. माणूस थट्टेखोर. साड्झासाठी मक्याचं पीठ लाकडी डावाने घोटता घोटता म्हणाला, "मग काय, माइ रुवा, आता म्हाताऱ्याला रोज सूप पाज, लोकरीचे मोजे घाल. आपला व्हिसाच पलंगावर पडलाय म्हण की!"

"हसू नकोस."

"बरं, नाही हसत. पण तू काही करत तर नाहीयेस ना? नुसतं बोलत नाहीयेस. न बोलण्यात कसलं पाप?"

"तो मागतोय, बाबा रुवा. तोंडाने मागतोय."

तोंदेराईने डाव थांबवला. आतल्या खोलीत रुवा रसायनशास्त्राची सूत्रं मोठ्याने पाठ करत होती. तिने हलच्या कॉलेजात जागा धरून ठेवली होती, तीही परीक्षेवर आणि व्हिसावर टांगलेली. दोघंही थोडा वेळ तो आवाज ऐकत उभे राहिले. मग तोंदेराई एवढंच म्हणाला, "तीन आठवडे आहेत फक्त." हे त्याने कुणाची समजूत घालायला म्हटलं ते त्यालाच ठाऊक.

चौदा फेब्रुवारीला सकाळी न्याहारीच्या वेळी कॅरलची हाक आली. "नेतसाई! सहा नंबर! सुरू झालंय गं!"

सेकुरुंचा श्वास तुटत होता. एक यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. नखं निळी पडली होती. नेतसाईने दार लोटलं, खुर्ची ओढली, वाकली. ओठांवर शब्द नेहमीचेच होते. दार लावलंय, दिवा मालवलाय. पण तोंडून निघालं ते वेगळंच. आईने तो शब्द मरणाऱ्याच्या कानाशी कधी उच्चारला नव्हता आणि कुणी उच्चारू नये हे सांगायचीही तिला गरज वाटली नव्हती.

"गराई," नेतसाई म्हणाली. थांबा. त्यांचा हात घट्ट धरून तिने तो तीनदा म्हटला. "गराई, सेकुरु. गराई. गराई."

आणि म्हातारा थांबला. दुपारपर्यंत श्वास सरळ लागला. संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, जुन्या ट्रॉलरची माणसं चिवट असतात. मिसेस ब्लेंकिननी नेतसाईला मिठी मारली. कॅरल मात्र तिच्याकडे बघत राहिली. "या वेळी उलटं झालं गं तुझं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नेतसाई कूस बदलायला गेली तर सेकुरु टक्क जागे.

"तू दुसरं काहीतरी म्हणालीस," ते म्हणाले.

"काय?"

"डोरीनचा शब्द वेगळा होता. मला अडाणी समजू नकोस. मला तू काय सांगितलंस?"

नेतसाईने त्यांच्या पाठीखाली उशी सरकवली, चादर ओढली, पाण्याचा पेला भरला. तेव्हापासून म्हातारा बोलेनासा झाला. ती खोलीत असेपर्यंत डोळे तिच्या मागोमाग फिरायचे, खिडकीपाशी, कपाटापाशी, दारापर्यंत. पाठीला जखमा झाल्या. ती त्या धुवायची तेव्हा ते कण्हायचेसुद्धा नाहीत. कण्हले असते तर तिला बरं वाटलं असतं.

मग तिच्यामागे ते लागलं. बसमध्ये पुढच्या बाकावर कुणी म्हातारा बसला की तो वळून बघेल अशी तिला धास्ती वाटायची. दुकानात ब्रेड उचलताना मानेमागे तुटका श्वास ऐकू यायचा, एक, मग बराच वेळ काही नाही. ती ब्रेड हातात धरून दुसऱ्या श्वासाची वाट बघत उभी राहायची. मागचे लोक वैतागायचे. घरी नळ ठिबकला तरी तसंच. रुवाने एकदा विचारलं, "आई, तू दम का कोंडून धरतेस?" नेतसाईला तोवर हे कळलंच नव्हतं.

त्यातच एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत ती कामवाल्यांच्या खोलीत बसली असता, गुटूहून आईचा व्हिडिओ कॉल आला. म्हातारीने मोबाईल नेहमीप्रमाणे कपाळाशी धरला होता. खुशाली झाली, पावसाचं झालं, कोंबड्यांचं झालं. मध्येच ती थांबली.

"नेती, तुझ्यामागे कोण आहे?"

नेतसाईने वळून पाहिलं. खुंटीवर कॅरलचा कोट होता. "कोणी नाही, आई. कोट आहे."

"कोट असा बसलेला असतो होय?"

"नेट नीट नाहीये. दिसत नसेल तुला."

"मला दिसतंय," म्हातारी म्हणाली आणि तिने पटकन कोंबड्यांचा विषय परत काढला. नेतसाई उरलेली सुट्टी बाहेर पावसात जाऊन उभी राहिली. त्या खोलीत खुंटीकडे पाठ करून बसायचं धाडस तिला पुढे कधीच झालं नाही.

सत्तावीस फेब्रुवारीला सर्टिफिकेट आलं. पंचवीस हजार पौंड, स्वच्छ काळ्या अक्षरांत. मिसेस ब्लेंकिननी केक आणला. नेतसाईने तिथेच ऑफिसात बसून अर्ज भरला, फी भरली, शेवटचं बटण दाबलं. पोच आली. केकचा तुकडा तसाच टाकून ती सहा नंबरात गेली, दार लोटलं, वाकली. गॅस, मांजर, दार सगळं सांगितलं. "एंडाई, सेकुरु."

काही झालं नाही. श्वास चालू. डोळे तिच्यावर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दोनदा. चौथ्या दिवशी ती पाळी संपल्यावर दोन तास बसली आणि म्हणत राहिली, घसा बसेपर्यंत. म्हाताऱ्याचं आता हाडांवर कातडं उरलं होतं. पाण्याचे थेंबसुद्धा कापसाने द्यावे लागत. त्या अंगात जगण्यासारखं काही शिल्लक नव्हतं, हे डॉक्टरही बोलून दाखवायला लागले होते. तरी जात नव्हता. चार मार्चला दारात येऊन कॅरलने विचारलं, "काय चाललंय नेतसाई? तू त्यांना कशाला अडकवलंयस?" कॅरलने ते सहज विचारलं असेल. नेतसाईच्या हातातली वाटी खाली पडली.

त्या संध्याकाळी तिने आईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. व्हिसा, दहा माणसं, चौदा तारीख, तो शब्द.

"आई?"

"आहे मी. तू शिकलेली, म्हणून मी तुला कधी शिकवलं नाही. चूक माझीच," म्हातारी म्हणाली. "अगं बये, तो शब्द काय, गाय हाकतानाही आपण म्हणतो. शब्दाने कोण जातंय? मी जायचे तेव्हा माझं त्या माणसाकडे काही नसायचं. ना शेत, ना उधारी, ना भांडण. घरच्या लोकांचं काही ना काही असतं, म्हणून ते मला बोलवायचे. तू तर त्या म्हाताऱ्याला मुठीत धरलंस आणि वरून म्हणतेस जा."

"आता अर्ज गेलाय, आई. आता माझं काही नाही."

"त्याला कुठे ठाऊक आहे? जा, त्याला सांग तू त्याचं काय धरलं होतंस. त्याच्या भाषेत सांग. तुझ्या भाषेआड लपू नकोस."

पाच मार्चला सकाळी नेतसाईने सहा नंबरचं दार उघडंच ठेवलं. खुर्चीत बसली आणि वर्गात धडा सांगावा तशा आपल्या फळ्यावरच्या इंग्रजीत एकेक वाक्य बोलू लागली.

"मिस्टर स्टॅदर्स, तुम्ही मला जायचे शब्द मागितले होते. मी तुम्हाला थांबा म्हणाले. तुम्ही गेला असतात तर इथे नऊ माणसं उरली असती. माझे तास कमी झाले असते, पगार कमी पडला असता, व्हिसा वाढला नसता. माझ्या मुलीची परीक्षा आहे. मी तुम्हाला पगारासाठी ठेवलं. तुमच्या पाठीच्या जखमा माझ्या आहेत. मला क्षमा करा."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. अठरा दिवसांत पहिल्यांदा. तिने कापसाने ते ओले केले आणि कान जवळ नेला.

"किती?" ते म्हणाले.

"काय किती?"

"पगार."

"वर्षाला पंचवीस हजार."

त्यांच्या घशात काहीतरी खरखरलं. हसले असावेत. मग बराच वेळ काही नाही. नेतसाई आपल्या सवयीने दम कोंडून बसली. शेवटी दुसरा श्वास आला आणि त्याबरोबर शब्द आले, अगदी स्पष्ट.

"सांगायचं होतंस, पोरी. मी थांबलो असतो."

दुपारी दोन वाजता ते गेले. कुणी काही म्हटलं नाही, कुणी हाक मारली नाही. नेतसाई त्या वेळी खाली मटार सोलत होती. कॅरलने येऊन सांगितल्यावरही ती उरलेल्या शेंगा सोलत राहिली आणि मग एकदम जमिनीवर बसून गुरासारखी ओरडून रडली. म्हाताऱ्याने तिला शिव्या दिल्या असत्या तर ती झेलून मोकळी झाली असती. त्याने दिलं ते तिला कुठे ठेवावं कळेना.

व्हिसा एप्रिलमध्ये आला. तीन वर्षांचा. तोंदेराईने कोंबडी कापली, रुवाने मोठ्याने गाणी लावली, शेजारपाजारचे झिंबाब्वेवाले येऊन जेवून गेले आणि "माइ रुवा, आता निजा की जरा!" म्हणून तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांची चेष्टा करून गेले. रुवाने परीक्षा चांगली दिली. गॉर्स हाउसचं छत दुरुस्त झालं. सहा नंबरात एक निवृत्त पोस्टमास्तर आला. पुन्हा दहा.

मिसेस ब्लेंकिननी मोकळेपणाने सांगितलं, "सर्टिफिकेटवरचा आकडा आता मला खाली आणता येत नाही, बाळा. माणसं कमी झाली तर तास नाही कापता येणार. तुलाच जायला सांगावं लागेल, आणि सरकारला कळवावं लागेल. पण आत्ता कशाला तो विचार?"

नेतसाई तो विचार करत नव्हती. तो विचारच तिला करत होता. रोज सकाळी पाळीवर आली की ती कोट काढायच्या आधी दहाही दारांपाशी उभी राहायची आणि श्वास मोजायची. कुणी खोकलं की ती धावत जायची. कुणी अर्धी लापशी ठेवली की ती गोड बोलून, गाल कुरवाळून उरलेली भरवायची. घरात सगळे म्हणायचे, हिच्यासारखी मायाळू बाई नाही. पूर्वी तिलाही ते खरं वाटायचं. आता चमचा उचलताना हा घास कुणासाठी, हे तिचं तिला सांगता येत नव्हतं.

ऑगस्टमध्ये तीन नंबरच्या मिसेस प्रॉक्टर आजारी पडल्या. वय एकोणनव्वद, डोकं लख्ख, जीभ तिखट. ज्वर उतरला त्या सकाळी नेतसाई त्यांचे केस विंचरत होती. आरशातून तिच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "कॅरलने मला तुझं गुपित सांगितलंय. माझी वेळ आली की मलाही ते सांगशील ना गं, जा म्हणून? उगाच रेंगाळायला मला आवडणार नाही."

नेतसाईचा कंगवा थांबला. खोटं बोलायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं, त्या मार्चपासून.

"तीन वर्षं थांबाल का, मिसेस प्रॉक्टर?" तिने विचारलं. "आता पावणेतीनच उरलीत."

मिसेस प्रॉक्टर खळखळून हसल्या. काय गोड बोलते ही, म्हणून त्यांनी तिचा हात थोपटला. आरशात त्यांना नेतसाईचा चेहरा दिसला तेव्हा त्यांचं हसू विरलं आणि त्यांनी हळूच आपला हात मागे घेतला.